दहावा

सासरे म्हणायचे, कारखाना नवांचाच बरा.
दहावा आला की त्याला भाचा म्हणायचं.
तीस वर्षांत आमच्याकडे इतके भाचे झाले
की नणंदा पुरेनात.

अलीगढच्या आमच्या गल्लीत
दिवसभर कुलपांच्या पोटात पितळी पट्ट्या बसतात.
चावी फिरते, खट्ट म्हणते,
नाही म्हणाली तर मुस्तकीम कानस घेऊन
तिची समजूत काढतो.
रजिस्टरात माणसं नऊ.
फळीवर जेवणाचे डबे तेरा.

हे गेले त्या वर्षी जुडगा माझ्याकडे आला:
तिजोरीची, गोदामाची, जिन्याची,
आणि एक चावी, जिचं कुलूप अजून सापडलेलं नाही.

मार्चमध्ये प्रेसखाली
लख्मीचंदच्या दोन बोटांची टोकं गेली.
दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, विमा नंबर?
मी म्हणाले, भाचा आहे.
ती लिहिता लिहिता थांबली.
तिच्या कागदावर भाच्याला रकाना नव्हता.

त्याच रात्री कॉम्प्युटर उघडला.
पॅन, विजेचं बिल, भाडेकरार.
धंद्याचं स्वरूप: कुलपं.
एकूण कामगार.
इथं बोट जरा अडलं,
सासऱ्यांच्या तसबिरीकडे पाठ होती ते बरं झालं.
एक लिहिला. मग तीन.
सतरा आकड्यांचा कोड आला
तो मी एका रिकाम्या खोक्याच्या झाकणावर उतरवला,
आमच्याकडे हरवू नये ते खोक्यावरच लिहितात.

मुस्तकीमचे बारा हजार.
त्यातले त्याचे नव्वद, वर माझे तीनशे नव्वद,
पुढच्या महिन्याच्या पंधराच्या आत.
दीर म्हणाले, वहिनी, नव्याचे नऊ दिवस,
सप्टेंबरपर्यंत हात टेकशील.
मी म्हटलं, नवाचं नाव काढू नका आता.
(हे मनातच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं: बघू.)

मग एकेकाला टेबलापाशी बोलावलं.
बाप, जन्मतारीख, जवळचा दवाखाना.
बनवारीनं जन्मसाल सांगितलं ते
आधार कार्डापेक्षा सहा वर्षांनी तरुण निघालं,
सगळे हसले.
लख्मीचंदनं डाव्या हातानं सही केली,
पोरानं पाटीवर काढावी तशी.

मुस्तकीमला विचारलं, तुम्हाला काही झालं
तर पैसे कुणाला?
बायको वारली हे मला माहीत होतं.
त्यानं कानशीचा चुरा अंगठ्यानं झटकला, परत झटकला,
जिथं चुरा नव्हता तिथंही झटकला.
नाहीद, म्हणाला. मुलगी.
एकवीस वर्षं तो इथं आहे,
ते नाव या छपराखाली पहिल्यांदा आलं.
पत्ता?
विचारून सांगतो.

एप्रिलचे भरले. मेचे भरले.
जूनमध्ये सर्व्हर झोपला, तेरा-चौदा दोन रात्री
मी चहावर काढल्या, चौदाच्या पहाटे पावती निघाली.
त्या रकान्यात तात्पुरता
कारखान्याचाच पत्ता लिहून ठेवलेला.
मी त्याला आठवण केली नाही.
बनवारीकडून कळलं: लग्न स्वतःच्या मर्जीनं केलेलं,
आणि बापानं दाराला
स्वतःच्या हातचं कुलूप लावलं होतं.

जुलैत चिठ्ठी आली.
वहीचा फाडलेला कागद, निळं पेन,
अक्षर त्याचं नव्हे, गोल, घाईतलं.
घर नंबर, मशिदीमागे, फिरोजाबाद,
खाली मोबाइल, खाली पिन,
त्याच्याही खाली, कुणी न विचारलेलं:
दोन मुलं.

मी पिन दोनदा मोजला. सहाही आकडे होते.
म्हणाले, मुस्तकीमभाई, यात एक कमी दिसतोय,
परत विचारावं लागेल.

परत? म्हणाला,
आणि प्रेस चालूच ठेवून
फोन घेऊन गल्लीत गेला.
प्रेस मी बंद केला.